तीट

नमस्कार श्रोतेहो.

मी दुभाषी आहे. पुण्यात जर्मन शिकले, तीसेक वर्षं शिकवलं, आणि मधल्या काळात कारखान्यांतल्या बैठकांपासून सोयरिकीच्या बोलण्यांपर्यंत कुठे कुठे दोन माणसांच्या मधल्या खुर्चीत बसले. आज त्यातल्या एका वेगळ्याच कामाबद्दल सांगायचं आहे. परदेशी दत्तक गेलेल्या मुली मोठ्या झाल्या की आपल्या आईवडलांना घेऊन पुण्यात येतात. ज्या संस्थेतून आपण गेलो ती पाहायला. आईवडील गोरे, मुली आपल्यासारख्या. मराठी कुणालाच येत नाही. मग मला फोन येतो.

एकच कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून बोलते. स्वित्झर्लंडमधलं, झुरिकजवळच्या एका खेड्यातलं. वडील सुतार, आई शाळेत शिक्षिका. मुली दोन. थोरली १९९८ साली पुण्यातून गेली, सात महिन्यांची. धाकटी २००० साली, त्याच संस्थेतून. रक्ताच्या बहिणी नाहीत, पण भांडतात अगदी सख्ख्यांसारख्या.

अशा मुली तिकडे थोड्याथोडक्या नाहीत. १९७९ ते २००२ या काळात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये भारतातून दत्तक गेलेल्या मुलांची नोंद २,२७८ आहे. आपल्याला लिसा स्थळेकर माहीत असते. पुण्यात १९७९ साली जन्मली, इथल्या संस्थेतून स्थळेकर दांपत्यानं तिला घेतलं आणि पुढे ऑस्ट्रेलियाकडून खेळताना एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी घेणारी ती पहिली महिला ठरली. तिचे वडील मूळचे मुंबईचे, त्यामुळे आडनाव आपलं. बाकीच्यांची आडनावं आपल्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्या आपल्या लक्षातही राहत नाहीत.

थोरलीची फाईल मी पहिल्यांदा उघडली तेव्हा वरच पुण्याच्या न्यायालयाचा हुकूम होता, १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखालचा. वडलांनी विचारलं, "दत्तकाचा कागद कुठेय?" मी म्हटलं, तो इथला नव्हेच. आपला १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता. परदेशी माणसाला त्या काळी इथलं न्यायालय फक्त पालक नेमायचं; दत्तकविधान व्हायचं ते त्यांच्या देशात गेल्यावर. म्हणजे विमानात त्यांच्या मांडीवर बसलेली पोर कायद्यानं अजून त्यांची मुलगी नव्हती, पाल्य होती. सुतारबुवांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरं झालं, तेव्हा कुणी सांगितलं नाही."

१९८४ च्या आधी तर एवढीही घडी नव्हती. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं, परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे हाल होतात म्हणून. त्या पत्राचीच याचिका झाली. १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला आणि परदेशी दत्तकाला पहिल्यांदा काही नियम लागले. १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा आली, २००३ मध्ये भारतानं हेग करार मान्य केला. असो. कायद्याचा तास घ्यायचा नाहीये मला.

हे कुटुंब पहिल्यांदा आलं २००८ मध्ये. थोरली दहा-अकराची, धाकटी आठ-नऊची. आईनं तयारी किती केली होती! मुलींना झुरिकला भरतनाट्यमला घातलं होतं. दिवाळीला खिडकीत पणत्या. घरात गणपतीची मूर्ती, फक्त ती न्हाणीघरातल्या फळीवर, कारण तिथे ऊन छान येतं म्हणे. आणि चौघांनी मिळून हिंदी शिकायला घेतलं होतं. विमानतळावर धाकटीनं मला "नमस्ते, आप कैसी हैं" म्हणून दाखवलं. मी कौतुक केलं. मग गाडीत हळूच आईला सांगितलं की बाई, या मुलींनी सात महिने जे ऐकलं ते हिंदी नव्हतं, मराठी होतं. तिला खरंच धक्का बसला. फाईलमध्ये तसं कुठे लिहिलेलंच नव्हतं. तिथे 'भारतीय' एवढंच होतं.

त्या खेपेला त्यांनी आग्रा पाहिलं, जयपूर पाहिलं, उंटावर बसले. पुणं शेवटचे दोन दिवस. संस्थेत चाळीस मिनिटं. पेढे, चहा, कार्यालयातला फोटो, पाहुण्यांच्या वहीत सही. थोरलीनं एकच प्रश्न विचारला: "माझा पाळणा कुठे होता?" त्या खोलीची आता कोठी झाली होती. तांदळाच्या गोण्या होत्या तिथे. ती दारात उभी राहून गोण्यांकडे बघत राहिली. तोवर ड्रायव्हर घड्याळ दाखवायला लागला.

रात्री आई मला म्हणाली, "ताजमहालाला आम्ही दोन दिवस दिले. तिथे आमचं कोण होतं?"

दोष तिचा नव्हता. आपणही तेच दाखवतो. परदेशी पाहुणा आला की आपला हात आपसूक किल्ल्याकडे, लेण्यांकडे, पैठणीकडे जातो. वारसा म्हणजे काहीतरी जुनं, मोठं, तिकीट लावलेलं. आणि या मुलींना हवं असतं एक दुपटं. एक खोली. दूध गाईचं होतं की पावडरीचं, याचं उत्तर.

२०१९ मध्ये ती चौघं परत आली. या वेळी तीन आठवडे, आणि फक्त पुणं. कर्वेनगरात एक फ्लॅट भाड्यानं घेतला. थोरली एकवीस वर्षांची होती, देवनागरी लिपी शिकून आली होती. अर्थ कळत नव्हता, पण वाचायची सगळं. एकेक अक्षर जुळवत, मोठ्यानं. 'गे-ट-स-मो-र वा-ह-ने ला-वू न-ये-त, ह-वा सो-ड-ली जा-ई-ल.' मी भाषांतर केलं तर तिनं गंभीरपणे विचारलं, "इथले लोक कुणावर रागावलेत?" पुणेकर श्रोत्यांनी उत्तर कळवावं.

त्यांना मी शनिवारवाड्याऐवजी गंज पेठेत फुलेवाड्यात नेलं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं, फसवल्या गेलेल्या विधवांना गुपचूप बाळंत होता यावं म्हणून. आणि तिथंच बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा आपलासा केला, यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या, तेव्हा त्यांच्या बरोबर काम करत होता तो हाच दत्तक मुलगा. थोरली विहिरीच्या कठड्याला टेकून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "म्हणजे त्याला सगळं माहीत होतं? आईचं नावसुद्धा?" या प्रश्नाचं भाषांतर करायची गरज नव्हती, तो मलाच होता.

धाकटीचं सगळं उलट. तिला यायचंच नव्हतं. "माझा देश स्वित्झर्लंड, मला फोंड्यू आवडतं, विषय संपला," असं तिचं म्हणणं. आईनं आग्रह केला नाही, हे मला फार आवडलं. पण एक अडचण झाली. रस्त्यावर आईवडलांशी सगळे इंग्रजीत बोलायचे आणि तिच्याशी थेट मराठीत. रिक्षावाला पत्ता तिलाच विचारणार. एका भाजीवालीनं तिला मेथीचा भाव सांगितला, दोनदा सांगितला, तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "मुकी आहे का हो पोर?" आणि एका मोठ्या हॉटेलच्या दारात रखवालदारानं आईला सलाम ठोकला, मागून येणाऱ्या या मुलीला मात्र हात आडवा करून थांबवलं. मॅडमबरोबर कामाला असेल असं त्याला वाटलं. वडील लाल झाले. तीच त्यांना म्हणाली, "राहू दे पप्पा. तिकडे विमानतळावर मलाच बाजूला घेतात, इथे दारात. मला सवय आहे." हे वाक्य मी त्या रखवालदाराला मराठीत सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आजही टोचतं.

मग मावशी भेटल्या. संस्थेत पंचवीस वर्षं बाळांचं केलेल्या, आता निवृत्त, वारज्याला लेकाकडे राहणाऱ्या. आम्ही पाचजण त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत दाटीवाटीनं बसलो. आईनं फाईल काढली. तीत थोरलीचा पासपोर्टचा फोटो, सात महिन्यांची, डोळे वटारलेले, उजव्या गालावर एक काळा ठिपका. या ठिपक्याची त्या घरात मोठी कथा होती. आईला वाटायचं फोटोवर शाई सांडली. वडलांना वाटायचं तीळ असावा आणि पुढे गेला. आणि थोरलीनं नंतर मला सांगितलं की लहानपणी ती आरशात तास न् तास गाल बघायची, तो डाग कुठे गेला म्हणून. आपल्या जागी दुसरीच मुलगी पाठवली की काय, असंही तिला काही वर्षं वाटलं होतं.

मावशींनी फोटो हातात घेतला, लांब धरला, आणि हसल्या. "अगं बाई, ही तर माझी तीट!"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि अडले. तीटेला जर्मन शब्द नाही. मी सांगितलं: काजळाचा ठिपका, बाळ सुंदर आहे, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून लावतात. मावशी पुढे सांगत होत्या, "फोटोवाला म्हणाला, पासपोर्टचा आहे, पुसा ते. मी पुसली. तो कॅमेऱ्यात डोकं घालतोय तोवर परत लावली. एवढ्या लांब चाललीय पोर, तशीच कशी पाठवू?"

थोरली काही बोलली नाही. तिचा हात गालावर गेला होता, तो तिथेच राहिला.

मावशींनी मग फळीवरून एक बोंडलं काढलं. स्टीलचं, पोचे पडलेलं, चोचीपाशी घासून पांढरं झालेलं. यातून दूध पाजायचो, यातूनच गुटी. सुतारबुवांनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, चोचीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, काम चांगलं आहे. थोरलीचं नावही मावशींमुळे उलगडलं. वडलांनी त्या नावाचा संस्कृत अर्थ पुस्तकांत शोधून तिला लहानपणापासून एक अख्खी पुराणकथा सांगितली होती. मावशी म्हणाल्या, "छे हो. रात्रपाळीच्या सिस्टरनं ठेवलं ते. तिच्या धाकट्या बहिणीचं नाव." वडलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुलीला मात्र पुराणापेक्षा ही सिस्टर जास्त आवडली.

त्या खोलीत शेजारची एक बाई डोकावली होती. तिनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "पण हिची खरी आई कोण, ते विचारा ना." श्रोतेहो, एवढं तरी आपण टाळू. खरी आई त्या खोलीत खाली सतरंजीवर बसून मांडी अवघडली म्हणून पाय चोळत होती. आणि जिनं जन्म दिला, तीही खोटी नाही. 'जन्मदाती' असा चांगला शब्द आहे आपल्याकडे, तो वापरावा.

जन्मदातीचा शोध घ्यायचा तर त्याला वाट आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः संस्थेकडे किंवा काराकडे अर्ज करू शकते. तिच्या वतीनं तिसऱ्या कुणाला शोध घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. 'मी काढून देतो पत्ता' म्हणणारे आम्हालाही भेटले. पंचवीस वर्षांपूर्वी जी मुलगी कुणाला न सांगता बाळंत झाली, तिच्या आजच्या घराच्या दारात एखादा अनोळखी माणूस फाईल घेऊन उभा राहिला तर तिचं काय होईल? थोरलीनं अर्ज भरला, पर्समध्ये ठेवला, आणि तसाच घेऊन परत गेली.

२०२४ मध्ये झुरिक आणि टुरगाऊ या दोन प्रांतांच्या सांगण्यावरून झालेलं एक संशोधन प्रसिद्ध झालं. भारतातून आलेल्या मुलांची २४ प्रकरणं त्यांनी कागद न् कागद तपासली. एकाही फाईलमध्ये जन्मदात्या आईबापांच्या संमतीचा कागद सापडला नाही. पुढच्याच जानेवारीत तिथल्या सरकारनं परदेशी दत्तक बंद करण्याचा मानस जाहीर केला. त्या आठवड्यात आईचा मला फोन आला. घरातली फाईल टेबलावर पसरून बसली होती. "आमच्यातही नाहीये तो," म्हणाली. मग बराच वेळ गप्प. मग, "मी कुणाची तरी मुलगी आणली का गं?" इतक्या वर्षांत कुठल्याही भाषेत याच्याइतका अवघड प्रश्न माझ्यापुढे आला नव्हता. कागद संस्थेत गोपनीय असेल, असं मी म्हटलं. असेलही. थोरलीनं त्याच महिन्यात पर्समधला अर्ज काढून नवा लिहिला आणि पाठवला. उत्तर यायचं आहे.

आणि धाकटी? टाळेबंदीच्या दिवसांत एका रात्री तिचा मला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप आला. एवढाच: "मुकी म्हणजे काय?" त्या दिवसाचा तो शब्द तिनं ऐकला तसा फोनमध्ये लिहून ठेवला होता. मी अर्थ सांगितला. ती हसली, म्हणाली, "बरोबर बोलली ती."

तेव्हापासून दर मंगळवारी आमचा तास असतो. 'माझे नाव अमुक आहे' हा धडा तिनं सरळ नाकारला. तिला भाजी घ्यायला शिकायचं होतं. 'मेथी कशी दिली?' आता बऱ्यापैकी येतं. 'निवडून द्या' येतं. 'ळ' अजून येत नाही, केळी मागितली की केलीच येते. डिसेंबरात ती एकटी येणार आहे. मी परवा त्या बाजूनं मुद्दाम जाऊन आले. भाजीवाली अजून त्याच जागी बसते.