लोखंडाच्या वाटेवर सायकल

श्रोतेहो, नमस्कार.

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, बिस्केच्या उपसागराला लागून बास्क लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या कच्च्या वाटांवरून माउंटन बाइक चालवण्याबद्दल आज बोलायचं आहे. माउंटन बाइक म्हणजे जाड, खाचांच्या टायरची, पुढे शॉकअप असलेली सायकल. तिथे मी ती मनसोक्त चालवली आहे, आणि त्या डोंगरांवर माझा फार जीव आहे.

उंची म्हणाल तर फार नाही. बास्क स्वायत्त प्रदेशातलं सर्वांत उंच शिखर आइचुरी, १,५५१ मीटर. पण दऱ्या अरुंद आहेत, सपाटी जवळपास नाहीच, आणि गाव सोडलं की वाट थेट वर चढू लागते. डोंगरउतारावर दगडी, रुंद छपराची शेतघरं एकेकटी उभी असतात. त्यांच्याकडे जाणारे रस्ते काँक्रीटचे, आणि त्या काँक्रीटला आडव्या खाचा पाडलेल्या. पावसाळी हवेत ट्रॅक्टरचं चाक घसरू नये म्हणून ही सोय. काही ठिकाणी चढ वीस टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना वीस मीटर वर. इथे सायकलवर उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, आणि मागे रेलून बसलं की पुढचं चाक उचलतं. म्हणून सीटच्या अगदी टोकावर बसायचं, कोपर खाली घ्यायचे, छाती हँडलजवळ आणायची आणि सगळ्यात हलका गिअर टाकून श्वासाच्या तालावर पॅडल मारत राहायचं. मधे थांबलात तर पुन्हा निघणं मुश्कील.

पण काँक्रीट संपून वाट रानात शिरली की गंमत होते. डोंगर तोच, तरी चढ एकदम सोसवेल असा होतो. वाट कडेकडेने, वळणं घेत वर जाते. याचं कारण माझ्या लक्षात आलं तेव्हापासून मी त्या वाटांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. काँक्रीटचा रस्ता इंजिनासाठी केलेला आहे. इंजिनाला दम लागत नाही, म्हणून तो सरळ वर चढवला. रानातली वाट पाठीवर कोळशाची पोती घेतलेल्या खेचरासाठी पडली. ओझ्याखालचं जनावर जेवढा चढ दिवसभर चढू शकेल तेवढाच चढ तिला ठेवलेला आहे. आणि माणसाच्या पायांनाही साधारण तेवढाच झेपतो.

कोळसा कशाला, तर लोखंडासाठी. या मुलखात, विशेषतः बिस्काया भागात, उत्तम प्रतीचं लोहखनिज होतं. मध्ययुगात आधी डोंगरावर हाताच्या भात्यांनी भट्ट्या पेटवायचे. पुढे कारखाने खाली ओढ्याकाठी आले आणि पाण्याची चाकं भाते आणि घण चालवू लागली. लेगास्पी गावात मिरांदाओला नावाचा असा एक कारखाना दुरुस्त करून ठेवला आहे, आणि तिथे लोखंड तापवून, पाण्यावर चालणारा घण सुरू करून दाखवतात. पण या भट्ट्यांना लागायचा लोणारी कोळसा, आणि तो यायचा वरच्या, बीच नावाच्या झाडांच्या रानांतून.

हे बीच वृक्ष तुम्ही एकदा पाहिलेत तर विसरणार नाही. बुंधा आखूड आणि भलता जाड, आणि जमिनीपासून दोन-तीन मीटरवरून मांडीएवढ्या जाड फांद्या एकदम चारी दिशांना फुटलेल्या. झाड मुळापासून तोडायचं नाही, ठरावीक उंचीवर छाटायचं, म्हणजे नवीन धुमारे गुराढोरांच्या तोंडाला लागत नाहीत आणि काही वर्षांनी पुन्हा तोड मिळते, अशी ती पद्धत होती. त्याच जमिनीवर चराई आणि त्याच जमिनीवर जळण. आता छाटणी थांबली आहे. फांद्या वाढत वाढत इतक्या जड झाल्या आहेत की वाऱ्यात जुनी झाडं मधोमध फाटतात. पाहताना वाईट वाटतं.

या रानांत सायकल चालवताना एक खूण शोधा. तिरप्या उतारावर मधेच एखादी गोल, सपाट जागा लागते, खोलीएवढी. पानांचा थर पायाने बाजूला सारा. खालची माती काळीकुट्ट निघते, आणि बोटात कोळशाचे बारीक तुकडे येतात. इथे लाकडं रचून, वर माती-पाल्याचं आवरण घालून कोळसा पाडत असत. वाट एका अशा जागेवरून दुसरीवर जाते. मग कळतं की ती मधेच अशी वाकडी का वळली होती.

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. बास्क मुलखातल्या गिपुस्कोआ प्रांतात एइबार नावाचं गाव आहे. दरीत इतकं चेपून बसलेलं की कारखाने मजल्यावर मजले चढवून बांधलेले. या गावाचा पिढीजात धंदा बंदुकांचा. नळी घडवणं, ती आतून गुळगुळीत करणं, पोलादावर कोरीव काम करणं, हे तिथल्या माणसांच्या हातात होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत शस्त्रांची मागणी ढासळली, तेव्हा याच कारागिरांनी तीच यंत्रं आणि तीच पोलादी नळी वापरून सायकली बनवायला घेतल्या. १८४० साली बंदुकांचं काम सुरू करणाऱ्या ओर्बेआ बंधूंचा कारखाना १९३० च्या सुमारास सायकलींकडे वळला. पुढे तो डबघाईला आला, तेव्हा कामगारांनीच तो हाती घेतला आणि सहकारी संस्था केली. आपल्या महाराष्ट्रात सहकाराचे उत्कर्षही पाहिले आहेत आणि पडझडही, म्हणून मुद्दाम सांगतो: कामगारांची ती संस्था आजही उभी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या ज्युलियन आबसालोनने माउंटन बाइकचं सुवर्णपदक जिंकलं ते याच कारखान्याच्या सायकलवर. त्यांच्या एका माउंटन बाइकला ओइस हे नाव आहे. बिस्कायातल्या एका डोंगराचं.

म्हणजे वाट लोखंडासाठी पडली आणि सायकलही त्याच लोखंडकामातून आली. फक्त सायकलसाठी बांधलेले, उड्या आणि वळणांचे ट्रॅक आता युरोपभर झाले आहेत. तरुणांनी ते जरूर चालवावेत. पण मला विचाराल तर या जुन्या वाटांची सर त्यांना नाही.

एकच वाट निवडायची असेल तर सेगामा गावाहून सान आद्रियानच्या बोगद्याकडे जा. सेगामा सुमारे तीनशे मीटरवर, बोगदा हजार मीटरवर. बोगदा नैसर्गिक आहे: चुनखडीच्या डोंगराला आरपार पडलेली साठ-सत्तर मीटरची गुहा, आत एक छोटं प्रार्थनामंदिर. स्पेनच्या मध्यभागातलं कॅस्टिल आणि समुद्रकिनारा यांच्यातला मुख्य रस्ता शतकानुशतकं या गुहेतून जात होता. व्यापारी, यात्रेकरू, राजांच्या स्वाऱ्या, सगळे इथूनच गेले. दक्षिणेकडचं तोंड बुटकं आहे. सम्राट पाचव्या चार्ल्सलाही इथे मान लववावी लागली, अशी आख्यायिका सांगतात. अठराव्या शतकात घोडागाड्यांसाठी दुसरीकडून रस्ता झाला आणि ही वाट मागे पडली.

बोगद्याच्या अलीकडे-पलीकडे जुनी दगडी फरसबंदी शिल्लक आहे. खूर आणि चाकं यांनी घासून दगड गुळगुळीत झाले आहेत, आणि वर बीचच्या पानांचा ओला थर. चुनखडी ओली झाली की साबणासारखी सरकते. इथे टायरमधली हवा थोडी कमी केलेली बरी, पुढचा ब्रेक फक्त दगड सोडून मातीवर आल्यावर, आणि दगडावर हँडल वळवायचं नाही. जिथे खात्री वाटत नाही तिथे उतरावं. त्या दगडांवर मी कितीतरी चांगले सायकलस्वार सायकल हातात धरून चालताना पाहिले आहेत.

बोगदा ओलांडून रान उतरलात की मुलूखच बदलतो. उत्तरेकडे पडलेलं पाणी ओरिया नदीने अटलांटिकला जातं, दक्षिणेकडचं एब्रो नदीमार्गे भूमध्य समुद्राला. उत्तरेला बारीक, न थांबणारा पाऊस, हिरवी कुरणं, चिखल. दक्षिणेला साल्दुओंदो गावाशी उतरेपर्यंत आभाळ मोकळं होतं, शेतं सपाट होतात, ओकची झाडं दिसू लागतात. चिखल चाकांवरच वाळून गळायला लागतो.

याच डोंगररांगेत पश्चिमेला आरांत्सासूचं देवस्थान आहे. पुढे जेझुइट संघ स्थापणारा इग्नेशियस लोयोला १५२२ साली घर सोडून निघाला तेव्हा तिथे थांबला होता. त्याचा सोबती, शेजारच्या नवारामधला फ्रान्सिस झेव्हियर, वीस वर्षांनी गोव्याला पोचला. आरांत्सासूच्या आताच्या चर्चचे दरवाजे शिल्पकार एदुआर्दो चियीदाने केलेले आहेत, आणि तेही लोखंडाचे.

आता तिथे सायकल नेणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. ही रानं मोकळी दिसली तरी बेवारशी नाहीत. मे महिन्यापासून लाचा जातीच्या, लांब लोकरीच्या मेंढ्या वरच्या कुरणांत येतात आणि थंडीच्या तोंडावर उतरतात. वाटेत फाटकं लागतील. बंद असलेलं फाटक उघडलंत तर आपल्यामागे बंद करा, साखळी अडकली की नाही ते हाताने ओढून पाहा. एका उघड्या फाटकापायी धनगराची अख्खी संध्याकाळ मेंढ्या गोळा करण्यात जाते. कुत्रा भुंकत आला तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल त्याच्या आणि आपल्या मधे धरा, सावकाश चालत पुढे जा. शरद ऋतूत शनिवार-रविवारी रानडुकरांची शिकार चालते. वाटेवर तशी पाटी दिसली तर मुकाट मागे फिरा. आणि संरक्षित रानांत काही पायवाटा सायकलींना बंद असतात, ते आधी विचारून घ्या.

शक्य असेल तर बुधवार निवडा. किनाऱ्यावरच्या सान सेबास्तियान शहरातून लोकल गाडीत सायकल घेऊन ओर्दिसियाला उतरा. तिथे १५१२ सालच्या राजपत्राने मिळालेला आठवड्याचा बाजार बुधवारी भरतो, आणि वरच्या कुरणांतले धनगर आपलं इदियासाबल चीज तिथे विकायला आणतात. मेंढीच्या न तापवलेल्या दुधाचं, किमान साठ दिवस मुरवलेलं. काहींना धूर दिलेला असतो, काहींना नाही. दोन्ही चाखून बघा, आवडेल त्याचा तुकडा आणि पाव पिशवीत घाला. तिथून सेगामा पंधराएक किलोमीटर आहे, आणि खरा चढ त्यानंतर सुरू होतो.

नमस्कार.