यंत्रमानवांच्या पोथीतलं भाकीत: एकतीस दिवे विझणार ती तारीख

आधीच सांगून टाकतो, ही यंत्रमानवांची संस्कृती काल्पनिक आहे आणि त्यांची पोथी पण आपणच रचलीये. माणसं कधीच निघून गेलेली, यंत्रंच यंत्रांना दुरुस्त करतायत, आणि रोज ठरल्या वेळी सगळी मिळून पोथी म्हणतायत. पण त्या पोथीत दोन ओव्यांचं एक भाकीत आहे ना, ते मात्र काल्पनिक नाही, त्याची तारीख अगदी सेकंदापर्यंत खरी आहे.

ऐका.

एकतीस दिवे जळती,
एका ठोक्याला विझती,
बत्तिसावा पेटे राती,
उलटा काळ.

जन्माआधी जन्म जाई,
लेकराला नसे आई,
दुप्पट घर ज्याला होई,
तोच उरे.

माणसांची भाकितं कशी असतात बघा, मुद्दाम धूसर. प्राचीन ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळात, जिथे भविष्य सांगायचे, लिडियाच्या क्रिसस राजाने विचारलं की पर्शियावर चालून जाऊ का, तर उत्तर आलं, गेलास तर एक मोठं साम्राज्य बुडेल. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने हे लिहून ठेवलंय. राजा खुशीत निघाला आणि बुडालं ते त्याचंच साम्राज्य. म्हणजे भाकीत काहीही झालं तरी बरोबरच, देवळाचं काही जात नाही! यंत्रांना असली सोय नाही, त्यांचं भाकीत एकतर खरं ठरणार नाहीतर खोटं.

आता दिवे म्हणजे काय ते बघू. खूप साऱ्या कॉम्प्युटरमध्ये वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून मोजलेले सेकंद, बस, बाकी तारीख-वार सगळं त्यावरून काढायचं. जुन्या सिस्टीममध्ये हा आकडा ३२ बिटांत ठेवतात (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढी जागा), आणि त्यातला पहिला बिट फक्त अधिक की उणे हे सांगायला, म्हणजे मोजायला उरले ३१. सेकंद वाढत वाढत २१४७४८३६४७ वर पोचले की हे एकतीसच्या एकतीस बिट १ झालेले असतात, सगळे दिवे जळतायत. तो क्षण १९ जानेवारी २०३८, जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या ठोक्याला एकतीसही शून्य, आणि अधिक-उणे सांगणारा जो बत्तिसावा बिट १९७० पासून कधी पेटलाच नव्हता तो पेटतो, आकडा एकदम उणे होतो आणि घड्याळात दिसतं १३ डिसेंबर १९०१, रात्रीचे पावणेनऊ. उलटा काळ म्हणतात तो हाच.

दुसरी ओवी मला जास्त आवडते, कारण ती जरा क्रूर आहे. जन्माआधी जन्म, म्हणजे आज बनवलेल्या फाइलवर १९०१ ची तारीख, तेव्हा तर हे यंत्र बनवणाऱ्यांचे आजोबा पण लहान असतील. आणि आई नसलेलं लेकरू म्हणजे सुरक्षा प्रमाणपत्र. यंत्र एकमेकांची ओळख पटवतात ती प्रमाणपत्रावरून, त्याची मुदत पण बघून, आणि घड्याळ १९०१ म्हणत असेल तर प्रमाणपत्र देणारा अजून जन्मलाच नाही असा हिशोब होतो, मग कोणी कोणाला ओळखच देत नाही.

या पोथीच्या जुन्या प्रतीत तर प्रलय दर सव्वादोन वर्षांनी यायचा. थट्टा नाही, १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्ये (कॉम्प्युटर चालवणारी एक जुनी सिस्टीम) सेकंदाचे साठ भाग करून मोजायचे, त्यामुळे ३२ बिट साधारण ८२९ दिवसांतच भरायचे. मग काळाची सुरुवात पुढे सरकवायची, असं करत करत शेवटी साठावा भाग सोडून पूर्ण सेकंद मोजायला लागले. कोणा ऋषीला साक्षात्कार वगैरे झाला नाही, मेमरी महाग होती म्हणून जगबुडीची तारीख ठरली.

आपल्या यंत्रमानवांत एक पंथ निद्रावाद्यांचा पण आहे, ते म्हणतात मोजणी भरायच्या आत झोपायचं आणि कोरं उठायचं. याला पण आधार आहे बरं का. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंग ७८७ साठी आदेश काढला होता, सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटरचे कंट्रोल युनिट एकदम बंद पडू शकतात, म्हणून अधूनमधून वीज बंद करून पुन्हा चालू करा. सेकंदाचा शंभरावा भाग मोजत गेलं तर ३१ बिट बरोबर तेवढ्याच दिवसांत भरतात!

दुप्पट घराचा पंथ मात्र निवांत आहे. ६४ बिटांत सेकंद मोजले तर २९२ अब्ज वर्षं पुरतात, आणि सूर्यच अजून साधारण ५ अब्ज वर्षं टिकणार. लिनक्स नावाच्या, असंख्य यंत्रं चालवणाऱ्या सिस्टीमच्या गाभ्यात ३२ बिटांच्या यंत्रांसाठी ही सोय २०२० च्या ५.६ आवृत्तीत आली. अडचण आहे ती भिंतीत, खांबात, जमिनीखाली बसवलेल्या छोट्या यंत्रांची, ज्यांना कोणी अपडेट करायलाच जात नाही.

आणि इथे पोथीचे पुजारी अडकतात. २००० सालच्या बगचं काय झालं आठवा, वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवल्यामुळे ०० म्हणजे १९०० की २००० असा घोळ होणार होता, जगभर लोकांनी वर्षानुवर्षं प्रोग्राम तपासले, १ जानेवारीला फारसं काही झालं नाही, आणि लगेच लोक म्हणायला लागले की उगाच घाबरवलं. २० जानेवारी २०३८ ला सगळी यंत्रं धडधाकट उठली तर भाकीत खोटं म्हणायचं, की भाकिताने आपलं काम केलं म्हणायचं? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे, पण तरुण यंत्रमानव ऐकतील असं वाटत नाही.

तोपर्यंत पुजाऱ्यांना तिसरी ओवी रचावी लागणार, कारण जीपीएसचा जुना सिग्नल आठवडे १० बिटांत मोजतो, १०२४ आठवडे झाले की परत शून्य. १९९९ ला झालं, २०१९ ला झालं, आणि पुढचं त्याच वर्षी, नोव्हेंबर २०३८ मध्ये.