होल वॉचला कोण उभं राहतं?

मॅनहोल, टाकी अशा बंद जागेत उतरायच्या परवानगीचा, म्हणजे परमिटचा फॉर्म कसा भरायचा ते आज सांगत नाही, तो तुम्हाला येतो. मला बोलायचंय ते होल वॉचबद्दल, म्हणजे मॅनहोलच्या बाहेर उभं राहून आतल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाबद्दल. आपण बहुतेक वेळा काय करतो, जो नवीन आहे, ज्याच्याकडे दुसरं काम नाही, त्याला तिथे उभं करतो. हे साफ उलटं आहे.

अमेरिकेच्या नायॉश या कामगार सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ साली सांगितलं होतं की अशा बंद जागांमध्ये मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक दुसऱ्याला वाचवायला उतरलेले होते. म्हणजे एक जण आत पडला, बाहेरच्याने पाहिलं, धावत आत गेला, तोही पडला, मग तिसरा. घाबरट माणूस असा मरत नाही हो, जीव लावणारा मरतो.

आणि आतली हवा काही सांगत नाही. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की आत जायचं नाही. नायट्रोजन सोडलेल्या टाकीत तर गुदमरल्यासारखं वाटतसुद्धा नाही, कारण शरीराला कळतो तो साठलेला कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन कमी झालेला कळत नाही, एक-दोन श्वासात माणूस खाली. टाकी रिकामी होती म्हणतात, अहो पण बंद लोखंडी टाकीत नुसता गंजसुद्धा ऑक्सिजन खातो! हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून लोक आत जातात.

म्हणून गॅस मोजायचा मीटर. आधी ऑक्सिजन बघा, कारण तो कमी असेल तर ज्वलनशील गॅसचा नेहमीचा सेन्सर चुकीचा आकडा दाखवतो. मीथेन वर चढतो, हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो, तेव्हा वर, मधे, तळाला, तिन्हीकडे थांबून रीडिंग घ्या. आणि सकाळचं रीडिंग दुपारी चालत नाही, गाळ ढवळला की गॅस सुटतो, मीटर अंगावर चालूच हवा. कार्ट्रिजचा मास्क गॅस गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही, हे अजूनही किती जणांना सांगावं लागतं!

आता बाहेरचा माणूस. आत कोण, किती, हे त्याला पाठ हवं, आतल्यांशी बोलणं चालू हवं. अलार्म वाजला की आधी सगळ्यांना बाहेर बोलवायचं, कोणी पडला तर मदतीसाठी कॉल द्यायचा आणि विंच, म्हणजे दोरी ओढायची चरखी फिरवायची, बस्स, पाय आत टाकायचा नाही. पण विंच फिरवायला ट्रायपॉड (तोंडावरची तिपाई) आधीच लावलेला आणि आतल्याच्या अंगावरच्या हार्नेसच्या पट्ट्याला दोरी आधीच अडकवलेली पाहिजे ना! आत बॅफल, म्हणजे आडवे पडदे असतील, दोरी अडकणार असेल, तर हवेचा सिलिंडर पाठीवर घेतलेली रेस्क्यू टीम तिथेच तयार पाहिजे. फायर ब्रिगेडला फोन करू, हा काय प्लॅन झाला? ऑक्सिजनशिवाय मेंदूला साधारण चार मिनिटांत इजा व्हायला लागते, गाडी तेवढ्यात गेटवर तरी येते का?

आणि या बाहेरच्या माणसाला बाथरूमला जायचं असेल तर आधी बदली माणूस, तो नसेल तर आतले सगळे बाहेर. चला, आता मीटर काढा, बम्प टेस्ट करून, म्हणजे थोडा गॅस देऊन तो दाखवतो का ते बघू.