पाना खाली ठेवा, गेज लावा

मंडळी, पत्रिकेत ‘व्हील लोडरचं हायड्रॉलिक स्टेअरिंग: दोष कसा शोधावा’ असं छापलंय. त्याकडे येतोच. पण आधी एका निरपराध स्क्रूची बाजू मांडू द्या, रिलीफ व्हॉल्व्हच्या, म्हणजे दाब हद्दीबाहेर गेला की तेल सोडून देणाऱ्या झडपेच्या.

लोडर (पुढे बकेट असलेलं, मधल्या सांध्यात वाकून वळणारं यंत्र) वळायला जड झाला की पहिला पाना तिथेच जातो. अर्धा आटा आवळला, हलकं ‘वाटलं’, काम फत्ते! अहो, पंप दाब बनवत नाही, तेल ढकलतो. दाब अडथळ्यामुळे चढतो. रिलीफ फक्त त्याची वरची हद्द ठरवतो. झिजलेल्या पंपातून किंवा सिलिंडरच्या फाटक्या सीलमधून तेल आतल्या आत पळत असेल, तर दाब त्या हद्दीपर्यंत पोचतच नाही. मग हद्द वर सरकवून मिळालं काय? शिवाय ऑर्बिट्रोलमधले (स्टेअरिंग फिरवलं की सिलिंडरकडे तेल मोजून सोडणारं युनिट) शॉक व्हॉल्व्ह, म्हणजे बाहेरून बसलेल्या धक्क्याचा दाब सोडणाऱ्या झडपा, रिलीफपेक्षा बऱ्याच जास्त दाबावर लावलेले असतात. समजा रिलीफ १७५ बार, तर शॉक २४०. (आपल्या यंत्राचा आकडा मॅन्युअलमधून घ्या, शेजारच्या यंत्रावरून नको.) रिलीफ आवळत शॉकच्या आकड्याजवळ नेलात, की वळणाच्या शेवटाला शॉक व्हॉल्व्ह तेल सोडू लागतो. तेल तापतं, तापलं की पातळ होतं, पातळ झालं की गळती वाढते आणि स्टेअरिंग पुन्हा जड. मग आणखी अर्धा आटा! पुढच्या रांगेतले दोघे-तिघे खाली बघताहेत, मी नावं विचारत नाही.

ऑपरेटरला ‘जड आहे का’ विचारू नका, ‘कधी जड होतं’ विचारा. एकाच बाजूला जड असेल तर पंप सोडून द्या, तो दोन्ही बाजूंना तोच आहे. त्या बाजूच्या शॉक व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का बघा. आयडलला जड आणि रेस दिल्यावर हलकं, तर संशय पंपाच्या झिजेवर. नुसतं वळताना ठीक, पण बकेट उचलताना जड, तर प्रायॉरिटी व्हॉल्व्हचा (स्टेअरिंगला आधी तेल देणारी झडप) स्पूल, म्हणजे आतला सरकता दांडा, चिकटलाय किंवा एलएस लाइनमधलं (स्टेअरिंगला किती दाब हवा ते त्या झडपेला कळवणारी बारीक नळी) बारीक भोक तुंबलंय. पंप किंचाळतोय, टाकीत फेस आहे? सक्शन होजची क्लिप हवा ओढतेय. आणि ऑर्बिट्रोल उघडून बसवल्यावर स्टेअरिंग आपणहून फिरायला लागलं, तर आतल्या गेरोटर (तेल मोजणारा गिअरचा जोड) आणि त्याला फिरवणाऱ्या कार्डन शाफ्टचं टायमिंग, म्हणजे दात जुळवणं, चुकलंय, पुन्हा खोला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर भरभर.

सपाट जमीन, बकेट खाली, चाकांना ओट (ठोकळे), दोन फ्रेमच्या सांध्यात कोणी नाही. गळती शोधायला हात नको, पुठ्ठा धरा. बारीक भोकातलं तेल कातडीत घुसतं. तेलाची पातळी, फिल्टर, सक्शन आधी. तेल साधारण ५० अंशांवर आलं की टेस्ट पोर्टला ४०० बारचं गेज लावून शेवटापर्यंत वळवा. (शेवटाआधीच तेल तोडणारा स्टॉप व्हॉल्व्ह असेल, तर मॅन्युअलप्रमाणे फ्रेम लॉक, म्हणजे दोन फ्रेम वळू न देणारा दांडा, लावून.) दाब बरोबर असूनही जड? मग सांध्याच्या पिना आणि बेअरिंग बघा. दाब कमी असेल तर इंजिन बंद, दाब उतरवा, ऑर्बिट्रोलचे डावे-उजवे दोन्ही पोर्ट दाबाच्या स्टील प्लगने बंद करा आणि पुन्हा मोजा. आता दाब आला तर दोष सिलिंडरकडे. नाही आला तर ऑर्बिट्रोल, प्रायॉरिटी, पंप, आणि पंपासाठी फ्लो मीटर.

सिलिंडर एकेक तपासा. एका टोकाला वळवून इंजिन बंद, दाब उतरवून परतीच्या बाजूचा होज काढा, होजला प्लग, सिलिंडरचं पोर्ट उघडं, खाली भांडं. इंजिन चालू करून स्टेअरिंग त्याच बाजूला दाबून धरा. उलट फिरवू नका, फ्रेम हलेल. पोर्टातून सलग धार आली की पिस्टनचं सील गेलं. जोडणी झाल्यावर आयडलला हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवत राहा, टाकीतला फेस जाईपर्यंत, मग पातळी भरा.