जस्तावरचं बेळगाव

(पत्र्याची ट्रंक. कडी निघते. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले चौकोन.)

बेळगावच्या शहापुरातल्या एका घरात कॉटखाली ही ट्रंक होती. एकेक ठसा, म्हणजे व्यंगचित्र छापायचा ब्लॉक, जुन्या अंकाच्या पानात गुंडाळलेला, वरून सुतळी. पहिला ठसा आमच्या हातात देताना काका म्हणाले, "दोन्ही हातांनी धरा ओ. दिसतोय एवढासा, पण वजन आहे त्याला."

काकांनी पस्तीस वर्षं बेळगावच्या मराठी पत्रांत व्यंगचित्रं काढली. वय आता ऐंशीच्या पुढे. पडद्यावर नाव नको, एवढी एकच अट त्यांनी घातली. ती आम्ही पाळतो आहोत.

(ठशाचा क्लोजअप.)

हा ठसा बघा. खाली लाकूड, वर जस्ताचा पत्रा, कडेला बारीक मोळे ठोकलेले. एक म्हातारी, नऊवारी नेसलेली, कमरेवर घागर. समोर नळ. नळाच्या तोंडाला कोळ्यानं जाळं विणलंय, आणि म्हातारी कोळ्याकडे अशी बघते आहे, जणू रांगेत तोच तिच्या पुढे उभा आहे. मागच्या भिंतीवर एक पाटी. पाटीवर काय लिहिलंय ते मात्र कळत नाही, कारण छपाईच्या ठशावर सगळं उलटं असतं. आमच्यातल्या एकाला ती अक्षरं कानडी वाटली, दुसऱ्याला मराठी. ज्या शहरात पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून लोकांनी लाठ्या खाल्ल्या, त्या शहरातली ही पाटी.

(काका बोटानं शाई लावतात. वर कागद. चमच्याची पाठ कागदावर फिरते.)

प्रेस नाही, रूळ नाही. स्वयंपाकघरातला चमचा. काका कडेकडेनं आत येत घासतात, मध्ये एकदाच जोर देतात. आता कागद उचलतील.

(कागद उचलला जातो.)

पाटीवर लिहिलंय, "येथे पाणी मिळेल."

हे चित्र जस्तावर कसं उतरलं, ते नीट सांगायला हवं, कारण ते हातानं करणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकीही उरली नाहीत.

काका आधी पेन्सिलीनं आखायचे. मग टाक आणि काळी शाई. चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट, कधी दुप्पट काढायचं. कॅमेऱ्यात ते लहान झालं की हाताची थरथर त्यात मिटून जाते. राखाडी रंग नाही. रेघ तरी आहे, नाहीतर कोरा कागद आहे. सावली पाहिजे तर रेघांची जाळी काढायची, आणि तीही विरळ. दाट जाळी वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पिऊन काळा डाग होते. काकांच्या चित्रातली माणसं एवढी मोकळी, हवेशीर का दिसतात, याचं उत्तर त्या स्वस्त कागदात आहे.

चित्र तयार झालं की जाड पुठ्ठ्यात घालून स्टँडवर न्यायचं, कोल्हापूरच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं. त्यांच्या साप्ताहिकाचं ब्लॉक करण्याचं खातं कोल्हापुरात होतं. तिथं चित्राची काच-निगेटिव्ह निघायची. जस्ताच्या पत्र्यावर रसायनाचा पातळ थर, त्यावर निगेटिव्ह, त्यावर झगझगीत दिवा. जिथं उजेड पोचला तिथं थर घट्ट धरायचा, बाकीचा पाण्यानं निघून जायचा. मग पत्र्यावर राळेची तांबडी पूड, खालून शेक, आणि नायट्रिक ॲसिडच्या ट्रेमध्ये पत्रा. ट्रे हलवत राहायचं. ॲसिड मोकळं जस्त खातं, रेघ वर राहते. पण ॲसिड नुसतं खाली खात नाही, कडेनंही खातं. रेघेचा पायाच पोखरला जाऊ नये म्हणून पत्रा बाहेर काढून, चारी बाजूंनी पुन्हा पूड लावून, पुन्हा ट्रेमध्ये. असं तीन-चार वेळा. शेवटी पत्रा लाकडावर ठोकायचा, नेमका टाइपाच्या खिळ्यांच्या उंचीला. केसभर उंच राहिला तर कागद फाटतो. बुटका राहिला तर शाईच लागत नाही.

(काकांचा हात. अंगठ्याच्या नखाशी निळसर काळा डाग.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं ठसा परत. म्हणजे बेळगावच्या नळाचं चित्र आधी हद्द ओलांडून महाराष्ट्रात जायचं, तिथं धातू व्हायचं, आणि पुन्हा हद्द ओलांडून घरी यायचं.

या जाण्यायेण्यानं एक गोष्ट ठरवून टाकली. दिल्लीत सकाळी कुणी राजीनामा दिला, तर त्याचं चित्र काकांना करता येत नसे. ठसा परत येईपर्यंत बातमी शिळी व्हायची. दोन दिवसांनी काय शिळं होत नाही? गटार. खड्डा. बंद पडलेला नळ. काका सांगतात, "नळाला पाणी येणार नाही, याची मला खात्री असायची. चित्र कधी वाया गेलं नाही."

(पहाट. राकसकोप जलाशय. धुकं.)

हे राकसकोप. मार्कंडेय नदीवरचं. बेळगावचं पाणी इथून येतं, आणि हिडकलहून, घटप्रभेच्या धरणातून. एवढ्या पाण्याच्या शेजारी राहून या शहरातल्या बायांनी आयुष्यं रांगेत काढली. पुढे जागतिक बँकेच्या मदतीनं काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झालं, बाकीच्यांनी वर्षानुवर्षं ते पेपरातच वाचलं. काकांच्या चित्रातली आजी याच रांगेतून आली. मुंबईत आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन होता, बेंगळुरूत बी. व्ही. राममूर्ती यांचा मिस्टर सिटिझन. दोघे पुरुष. काकांनी म्हातारी घेतली, कारण सार्वजनिक नळावर पहाटे चारला त्यांची आई उभी असायची.

(ठसे ओळीनं मांडलेले. कॅमेरा सावकाश सरकतो.)

ही आजी टिळकवाडीच्या रेल्वे फाटकापाशी. फाटक बंद. तिनं तिथंच चूल मांडली आहे, भाकरी थापते आहे, आणि मागं थांबलेला रिक्षावाला ताट घेऊन बसला आहे. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. बेळगावात वेळ घड्याळावर कमी आणि गेटवर जास्त मोजली जायची. तिसऱ्या गेटवर आता पूल आहे, त्यामुळे हे चित्र नव्या मुलांना समजावून सांगावं लागतं.

ही खडेबाजारात. खड्ड्याभोवती रांगोळी घालते आहे. खाली एक शब्द नाही.

शब्द नसणं ही काकांची सवय होती, आणि त्या सवयीचं एक गाव आहे.

(भोज. उसाची शेतं, एसटी थांबा.)

निपाणी तालुक्यातलं हे भोज. दूधगंगा-वेदगंगेच्या काठचा मुलूख. शि. द. फडणीस यांचा जन्म इथला, २९ जुलै १९२५. पुढे ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, आणि एक अक्षरही न लिहिता उभ्या महाराष्ट्राला हसवलं. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांची चित्रं होती. कितीतरी मुलांची बेरीज-वजाबाकीची भीती त्या चित्रांनी घालवली. सीमाभागातल्या चित्रकाराला भोज हे गाव म्हणजे आजोळासारखं. काकांनी फडणीसांची कात्रणं समोर ठेवून हात बसवला. फडणीस राजकारणाच्या वाटेला फारसे गेले नाहीत, काका गेले. पण बोलायचं नाही, दाखवायचं, हे तिथूनच आलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. चंदगड तालुका तेवढा मागं राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. त्या दिवसापासून इथल्या मराठी माणसाचं राजकारण एका प्रश्नाभोवती फिरत आलं, बेळगाव महाराष्ट्रात कधी येणार. या सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग, १९६७ चा त्याचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा. प्रश्न खरा आहे, जखमही खरी आहे. या चित्रपटाशी संबंध असलेल्या प्रत्येकाच्या घरात १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळला जातो. म्हणूनच आम्हाला या ठशांचं मोल जास्त वाटतं. पहिल्या पानावर सीमाप्रश्न असायचा, तो असायलाच हवा. पण त्याच अंकात, एका कॉलमाच्या कोपऱ्यात, गटार होतं. अठ्ठावन्न प्रभागांच्या या शहरात माणसं रोज कशी जगली, ते त्या कोपऱ्यात नोंदलं गेलं.

(काचेच्या फ्रेममध्ये पिवळं कात्रण.)

हे कात्रण काकांच्या घरातलं नाही. गल्लीतल्या एका कानडी मास्तरांच्या घरातलं आहे. मास्तरांना मराठी बोलता यायचं, वाचायला जड जायचं. कोळ्याच्या जाळ्याचं चित्र छापून आलं त्या सकाळी ते पेपर घेऊन काकांच्या दारात आले आणि म्हणाले, "हा आमचाच नळ काय ओ?" मास्तर आता नाहीत. त्यांच्या मुलानं कात्रण फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय. फ्रेमच्या कडेला कुंकवाचं बोट लागलेलं दिसेल.

(महापालिकेची इमारत, बाहेरून.)

महापालिकेत मराठी नगरसेवक सभेचे कागद मराठीत मागत आले, आणि ते नाकारले जात आले. त्यावरचं हे चित्र. नगरसेवक हातातला कागद आडवा करून बघतो, उभा करून बघतो, शेवटी त्याची होडी करतो आणि वॉर्डातल्या तुंबलेल्या गटारात सोडतो. आजी काठावर. होडी हलत नाही, कारण गटारालाही वाहणं माहीत नाही. एकाच चित्रात भाषेचा हक्कही आला आणि गटारही आलं. काकांच्या चित्रांतलं आमचं सगळ्यात आवडतं चित्र हेच.

(शाईची बाटली. काचेतून उजेड.)

२००५. महापालिकेनं सीमाभाग महाराष्ट्रात विलीन करावा असा ठराव केला. नोव्हेंबरात बेंगळुरूत महापौरांच्या तोंडाला काळं फासलं गेलं, आणि मग सरकारनं महापालिकाच बरखास्त केली. त्या आठवड्यात काकांनी काय काढलं? हे मूळ चित्र, कागदावरचं. तोवर ठसे जाऊन ऑफसेट, म्हणजे ठशांशिवायची छपाई, आला होता. टेबलावर टाक आडवा ठेवलेला. शेजारी शाईची बाटली. झाकण घट्ट लावलेलं. आजीसुद्धा नाही.

(काका त्या चित्राकडे बघत बसतात.)

(महामार्ग. सुवर्ण विधानसौध, दुरून.)

आणि हे शेवटच्या काळातलं. हलगा-बस्तवाडजवळ महामार्गाला लागून उभं राहिलेलं सुवर्ण विधानसौध. ११ ऑक्टोबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते उद्घाटन झालं. अधिवेशन आलं की ज्या वाटेनं गाड्या जाणार, त्या वाटेला डांबर. काकांनी काय केलं, बघा. मंत्र्यांची गाडी पुढे चालली आहे आणि तिच्यासमोर डांबरी रस्ता सतरंजीसारखा उलगडत जातोय. गाडीच्या मागं दोन मजूर तीच सतरंजी गुंडाळत येताहेत. सतरंजी उचलली तिथं खाली खड्डे, आणि खड्ड्यात गुडघाभर पाण्यात आजी, घागर बुडवून घेते आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिला रांगेत उभं न राहता पाणी मिळालं. गाडीच्या चाकाजवळ डांबराचा एक थेंब उडालेला दिसतो. तो काकांनी टाक झटकून पाडला आहे, काढलेला नाही.

या चित्रानंतर फोन आले, आणि काही महिन्यांत सदर बंद झालं.

(वाचनालयाचा वाचनकक्ष. दांड्यांना लावलेली वर्तमानपत्रं.)

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. बेळगाव समाचार निघालं १८६३ ला. बाबूराव ठाकूर यांनी तरुण भारत सुरू केलं ते १९१९ ला. छापील शब्द इतकी वर्षं जपणाऱ्या या गावात व्यंगचित्रकारांची मूळ चित्रं मात्र अंक निघाला की टेबलाच्या खणात जायची, खण भरला की रद्दीत. जस्ताला भाव होता, म्हणून ठसे तर वितळवायलाच गेले. काकांनी आपले वाचवले ते संपादकांकडे मागून, पगारातून किंमत कापून देऊन. हे शब्दशः खरं आहे. त्यांच्या वहीत त्या रकमा लिहिलेल्या आहेत.

(वहीचं पान. निळ्या शाईतले आकडे.)

ट्रंकेतल्या प्रत्येक ठशाची आम्ही प्रत काढली आहे. चमच्यानं, काकांच्याच हातानं, आणि मग स्कॅन केली आहे. अजून कितीतरी घरांत कपाटाच्या वर, माळ्यावर, असे खण आणि अशा ट्रंका असणार. वडगावात, अनगोळात, खानापुरात, निपाणीत. ज्यांचे वडील, ज्यांचे आजोबा पत्रात चित्रं काढत होते, त्यांनी रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा कागद उलगडून बघावेत, ही आमची हात जोडून विनंती.

(शेवटचा ठसा. काका सुतळी सोडतात, शाई लावतात, चमचा फिरवतात.)

हा एक ठसा राहिला होता. आजी पाठमोरी. डावीकडे दगडी विहीर, तिला लोखंडी जाळी. उजवीकडे कमानीचं दार, दारावर तोरण. वर विजेच्या तारेवर अडकलेला पतंग. गल्ली कुठली, ते काकांनाही आता आठवत नाही. नार्वेकर गल्ली असेल, कडोलकर गल्ली असेल.

(कागद उचलून काका खिडकीच्या उजेडात धरतात.)

विहीर ओळखीची वाटली तर कळवा.