चार काड्या कोथिंबीर

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत माझी भाजीवाली ठरलेली आहे. भाजी तोलून झाली की मावशी न मागता चार काड्या कोथिंबीर आणि दोन मिरच्या पिशवीत टाकणार. 2023च्या जुलैत एके दिवशी तिचा हात आखडला. मी आपला पिशवी उघडी धरून उभा! मावशी म्हणाली, "दादा, आज कोथिंबीर वेगळी. दहाची देऊ?" टोमॅटोने शंभरी ओलांडली होती, त्याचं एवढं काही वाटलं नव्हतं. त्या चार काड्या मात्र लागल्या मनाला.

त्या महिन्यात किरकोळ महागाईचा दर 7.44 टक्के होता. मध्ये चढउतार झाले आणि 2025च्या ऑक्टोबरात तो 0.25 टक्क्यावर आला. पण त्या ऑक्टोबरात "काय स्वस्ताई आहे हो!" असं कुणी म्हणालेलं आठवतंय तुम्हाला? मला तरी नाही.

दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नसतं ना! सरकार गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करतं. आपण करतो ती मनात घट्ट बसलेल्या जुन्या आकड्याशी. रिक्षाचंच घ्या. 1 फेब्रुवारी 2025ला किमान भाडं 23चं 26 झालं. वर्ष उलटल्यावर महागाईच्या दराच्या लेखी ती वाढ जुनी झाली. स्टेशनवरून नौपाड्यात येताना मी ते तीन रुपये अजून मोजतो. टोमॅटो निदान खाली तरी येतो. वडापाव आणि कटिंग एकदा वर चढले की चढले.

शिवाय टीव्ही आपण आठ-दहा वर्षांतून एकदा घेतो, कांदा आठवड्यातून दोनदा. 1998 साली दिल्ली राज्याचं सरकार कांद्याने घालवलं, असं आजही बोललं जातं. टीव्हीने सरकार पडल्याचं ऐकिवात नाही. रिझर्व्ह बँक घरोघरी विचारते, तेव्हा लोक सांगतात तो महागाईचा दर बहुतेकदा सरकारी आकड्याच्या वरच असतो. तज्ज्ञ याला लोकांचा समज म्हणतात. म्हणोत बापडे, पैसे रोज आपल्याच खिशातून जातात.

परवा मावशीने पुन्हा कोथिंबीर वर टाकली. घरी पिशवी रिकामी करताना बायको म्हणाली, "फुकट दिली? उतरलेत वाटतं भाव."

रिक्षाचे सव्वीस मी तिला सांगितले नाहीत.