रूट झोनमधली एक ओळ

रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं त्यानंतर चार दिवसांनी, 28 फेब्रुवारी 2022 ला, युक्रेन सरकारने आयकॅनकडे, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेकडे, मागण्या केल्या. डॉट आरयू, सिरिलिक (रशियन) लिपीतलं डॉट आरएफ आणि डॉट एसयू ही रशियन संकेतस्थळांच्या पत्त्यांच्या शेवटी येणारी नावं रद्द करा, त्यांची सुरक्षा-प्रमाणपत्रं (संकेतस्थळ खरं आहे याची ब्राउझरला पटणारी खूण) रद्द करायला मदत करा, रशियातले रूट सर्व्हर, म्हणजे नावांची मूळ यादी पुरवणारे संगणक, बंद करा. (सोव्हिएत संघ 1991 मध्ये संपला, त्याचं डॉट एसयू मात्र अजून आहे!) 2 मार्चला आयकॅनने नकार कळवला. तो बरोबर होता असं मला वाटतं, आणि त्याचं कारण उदारपणा नाही, यंत्रणेची घडण आहे.

रूट झोन म्हणजे हीच मूळ यादी. तीत डॉट आरयूचे नेमसर्व्हर, म्हणजे त्यातल्या पत्त्यांची माहिती देणारे संगणक, लिहिलेले असतात; ही नोंद साठवून वापरायची मुदत 1,72,800 सेकंद, म्हणजे दोन दिवस. ती नोंद खोडली, तर कालच ती घेतलेला रिझॉल्व्हर (आपल्यासाठी नावावरून पत्ता शोधणारा संगणक) जुन्या माहितीवर चालत राहतो. शेजारच्या कंपनीच्या रिझॉल्व्हरची मुदत संपलेली असली, तर तिथे लगेच 'असं नावच नाही'. एकाच गल्लीत एकाची मेल पोचते, दुसऱ्याची परत येते. नोंद पुन्हा घातली तरी भागत नाही, कारण नकारही साठवला जातो, एक दिवसापर्यंत.

आता फटका कोणाला? रशियातल्या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या डॉट आरयूचे पत्ते आपल्या रिझॉल्व्हरमध्ये हाताने भरतील. नोव्हेंबर 2019 पासून लागू असलेल्या 'सार्वभौम इंटरनेट' कायद्यात राष्ट्रीय डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या देशाच्या स्वतःच्या यंत्रणेची, तरतूद आहेच. आतलं चालू राहतं, बाहेरच्यांना आतलं दिसेनासं होतं. युद्धाविरुद्ध लिहिणाऱ्या 'नोवाया गझेता' या रशियन वृत्तपत्राचं संकेतस्थळही डॉट आरयूवरच होतं.

रूट सर्व्हर बंद करून तर काहीच साधत नाही. रूट सर्व्हरच्या 13 नावांमागे जगभर हजारावर प्रती आहेत. मॉस्कोतली थांबली की प्रश्न युरोपातल्या दुसऱ्या प्रतीकडे जातो, उत्तर काही मिलिसेकंद उशिरा येतं, बस.

प्रमाणपत्रांचं काय होतं, ते मात्र प्रत्यक्ष दिसलं. निर्बंधांमुळे काही रशियन बँकांना परदेशी प्रमाणपत्रं मिळेनात, तेव्हा मार्च 2022 मध्ये सरकारनेच प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली, आणि यांडेक्स या रशियन कंपनीच्या ब्राउझरने ती मान्य केली. विश्वासाची मूळ किल्ली ज्याच्या हाती, त्याला कुठल्याही संकेतस्थळाच्या नावाने प्रमाणपत्र काढून वापरणारा आणि संकेतस्थळ यांच्या मधे बसता येतं, आणि ब्राउझर चकार शब्द काढत नाही. ही सोय शत्रुराष्ट्राच्या सरकारला आपण आपल्या हाताने करून द्यायची?

त्याच मार्चमध्ये कोजंट आणि लुमेन या इंटरनेट वाहतूक वाहून नेणाऱ्या अमेरिकी कंपन्यांनी रशियन ग्राहकांची जोडणी तोडली. ती गोष्ट वेगळ्या जातीची. बीजीपीने (जाळ्यांमधले मार्ग ठरवणाऱ्या पद्धतीने) मार्ग बदलले, वाहतूक इतर वाहकांवर गेली, ताण आला पण नावं जागच्या जागी राहिली. वाहक दुसरा मिळतो, रूट झोन एकच आहे.